वार नावाचा रकाना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर शिनोलीच्या दूध केंद्रावरच्या आक्काचे. आईवडिलांचं वेगळं, त्यांनी केलं त्याला उपकार म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आक्का माझी कुणीच लागत नव्हती. तिचं खरं नाव केंद्राच्या रजिस्टरवर आहे, पण सगळं गाव तिला आक्का म्हणतं आणि मीही इथे तेवढंच म्हणणार आहे. आठवीपर्यंत शिकलेली ही बाई कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ पत्र्याच्या एका खोलीत गावाचं दूध घेते. फॅट लावते, पावती देते, कॅन धुते. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि तो झालो त्या पत्र्याच्या खोलीतून.

गेल्या वर्षी ते केंद्र तिच्या हातून काढून घ्यायचं घाटत होतं. निमित्त झालं एका शब्दाचं, आणि तो शब्द मी लिहिला होता.

आमची वाडी आहुप्याच्या अलीकडे, डोंगरात. भात, नाचणी, वरई आणि चार गुरं. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलो आणि अकरावीला घोडेगावला आलो. राहायला शिनोलीत, लांबच्या नात्यातल्या एका घराची पडवी मिळाली. समोरच दूध केंद्र. त्याच वर्षी डेअरीने केंद्रात कॉम्प्युटर आणून ठेवला होता. शिकवायला आलेला माणूस अर्धा तास बसला, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आक्काने मला रस्त्यावरून हाक मारली.

"तू सायन्सचा ना रं?"

"हो."

"मग बस हितं. बटनं तू दाब, दूध मी बघती."

मी तोपर्यंत कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता. शाळेत एक होता, पण तो कुलपात असायचा. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. म्हंजी आपुण दोघं एकाच वर्गात."

दोन वर्षं मी त्या खुर्चीवर बसलो. मराठी टायपिंग तिथेच शिकलो, तक्ते करायला तिथेच शिकलो, आणि माझं बघून तीही बटनं दाबायला शिकली. तिची एकच अट असायची: कॅनमध्ये बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. कालचंच आहे, रोजचंच आहे, असं म्हणून मी कधी आधीच टाकून ठेवलं, तर ती बोट दाखवायची आणि पुसायला लावायची. जातीच्या दाखल्यासाठी तीन वेळा माझ्याबरोबर घोडेगावच्या कचेरीत आली. तिसऱ्या वेळी कारकून "उद्या या" म्हणाला, तेव्हा ती बाकावर पिशवी ठेवून बसली. "उद्या आमाला दूध असतंय भाऊ. आजच द्या," म्हणाली, आणि मिळेपर्यंत उठली नाही. बारावीनंतर वडील मला नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटात क्रेट उचलायला पाठवणार होते. ते मला न्यायला आले, तेव्हा आक्का त्यांना म्हणाली, "पावणं, क्रेट कुटं पळून चाललेत का? तीन वर्सांनी बी तितंच असत्यात. पोरगं तेवढं शिकू द्या." वडील चहा पिऊन एकटेच परत गेले.

मंचरला संगणकाचं बी.एस्सी. केलं आणि पुढे त्याच डेअरीच्या मुख्य कचेरीत नोकरीला लागलो. पाटीवर 'संगणक विभाग' असं होतं. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. आंबेगाव आणि जुन्नरमधल्या बऱ्याच गावांतलं दूध या डेअरीकडे येतं. तिचं नाव इथे देत नाही. दूध चांगलं असतं. कचेरी कशी होती तेवढं सांगतो.

कचेरीतल्या लोकांना गाईचा वास सहन होत नसे. आवारात कुणी शेतकरी शेणाच्या चपलांनी आला, की शिपाई फिनेल घेऊन त्याच्या मागे मागे चालायचा. आमचे मॅनेजर साहेब दुधावर जगत होते, पण चहा बिनदुधाचा घेत. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणत. बोर्डरूमच्या भिंतीवर गाईचं एक मोठं चित्र होतं, परदेशी कुरणातलं. आमच्या तालुक्यात तसं गवतही नाही आणि तशी गायही नाही.

साहेब पुण्यात एका सेमिनारला गेले आणि येताना एक सल्लागार घेऊन आले. पांढरे बूट, पाठीला बॅग, हातात पाण्याची स्टीलची बाटली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल. त्याने पडद्यावर चौकोन काढले आणि चौकोनांमध्ये बाण काढले. एका चौकोनात डेटाबेस, म्हणजे नोंदींचा ऑनलाइन तक्ता. दुसऱ्यात चॅट ॲप, म्हणजे कचेरीतल्या लोकांनी आपसात निरोप पाठवायचं ठिकाण. मधल्या बाणाचं नाव 'फ्लो'. तक्त्यात नवी ओळ पडली, की फ्लो ती वाचणार, चाळणार आणि योग्य माणसाच्या चॅटवर निरोप टाकणार.

"यात कोड लागत नाही," तो म्हणाला. "लो-कोड आहे. फक्त जोडायचं."

साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं, की पुढचा महिनाभर ते प्रत्येक बैठकीत म्हणत होते. कोड लागत नाही. माझ्याकडे बघून म्हणायचे. मला पदवीसाठी तीन वर्षं कोड शिकवला होता, आणि तो आता लागत नाही म्हणताना त्यांना आनंद होत होता. कोडबरोबर डोकंही लागत नाही असा समज त्यांनी करून घेतला होता.

पहिलं काम ठरलं ते व्यायलेल्या गाईंचं. डेअरीकडे पाच जनावरांचे डॉक्टर होते. गाय व्याली, की काही दिवसांत डॉक्टरने एकदा जाऊन तपासायचं, अशी योजना आधीपासून होती. केंद्रावरून फोन जायचा, डॉक्टर गाडीला किक मारायचा. कुणाची काही तक्रार नव्हती. पण फोनचा 'डेटा' होत नाही, असं सल्लागाराचं म्हणणं. त्याने विचारलं, "गाय व्याली म्हणजे डिलिव्हरीच ना?" आणि तक्त्याला 'डिलिव्हरी' नाव दिलं. चॅटवर त्याच नावाचा ग्रुप निघाल्यावर दुधाच्या गाडीचे ड्रायव्हर एकेक करून त्यात शिरले. दोन दिवस ते तिथे टँकर कुठे आहे ते लिहीत होते. कुणीतरी त्यांना बाहेर काढलं. मग वारानुसार सात ग्रुप केले, सोमवार ते रविवार, कारण डॉक्टरांच्या ड्यूट्या वारानुसार होत्या. सल्लागाराने तक्त्यात शेवटचा एक रकाना ठेवला: डॉक्टर कोणत्या दिवशी हवा. फ्लो तो रकाना वाचणार. सोमवार असेल तर सोमवारच्या ग्रुपवर, मंगळवार असेल तर मंगळवारच्या.

तक्ता इंग्रजीत होता. साहेब म्हणाले, "केंद्रांवर कुणाला कळणार? सगळे मथळे मराठीत कर."

ते काम माझ्याकडे आलं. दहा मिनिटांचं काम होतं आणि मी ते दहा मिनिटांत केलं. गाव. मालक. जनावर. व्याल्याची तारीख. वासरू. आणि शेवटचा तो दिवसाचा रकाना. त्याला मी लिहिलं, 'वार'.

सल्लागाराने निवडीची यादी दिली नव्हती, की त्यातून सोमवार-मंगळवार टिचकी मारून घ्यावा. ते 'पुढच्या फेजमध्ये' होणार होतं. रकाना मोकळा होता, त्यात काहीही लिहिता येत होतं. आम्ही कचेरीत बसून चाचणी घेतली. मी सोमवार लिहिलं, सोमवारच्या ग्रुपवर निरोप पडला. मी गुरुवार लिहिलं, गुरुवारच्या ग्रुपवर पडला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. केक आणला होता. पांढऱ्या क्रीमवर गाईचं तोंड होतं, आणि ते कापायचा मान सल्लागाराला मिळाला.

मंचरला प्रशिक्षण झालं. पुरुष केंद्रचालकांना बोलावलं. बायकांच्या केंद्रांना पुढच्या वेळी बोलावू म्हणाले, कारण त्या दिवशी हॉल लहान होता. मग साहेबांनी चॅटवर हुकूम काढला: आजपासून डॉक्टरांना थेट फोन करायचा नाही, डॉक्टरांनी फोनवर कॉल घ्यायचा नाही, सगळं सिस्टीममधून. त्याच्याखाली सगळ्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. त्या चॅटवर माणसाचं एवढंच काम होतं. सकाळी साहेब फुलांचं चित्र टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याखाली अंगठे जमत राहायचे.

फ्लोचा एक पडदा माझ्या टेबलावर असे. तक्त्यात ओळ पडली की त्यावर हिरवी खूण यायची आणि पुढे 'यशस्वी'. पहिल्या पंधरवड्यात सगळ्या खुणा हिरव्या होत्या. साहेब येता-जाता बघायचे आणि पाठ थोपटायचे. पाठ सल्लागाराची असायची. तो नसेल तेव्हा माझी.

मग शिनोलीच्या वरच्या वस्तीवरचा एक माणूस कचेरीच्या आवारात येऊन उभा राहिला. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता दोन गाई आणि थोडी शेती. दोनांतली एक गाय मेली होती. व्याली, आणि पाचव्या दिवशी मेली. तो ओरडला नाही. त्याने गेटवरच्या पहारेकऱ्याला विचारलं, "डॉक्टर का आला न्हाई, तेवढं सांगा. मंग जातो मी."

त्याला कुणी आत घेतलं नाही. पण लोकांनी त्याचा फोटो काढला, तो फिरला, आणि डेअरीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळातून साहेबांना फोन आला. दुसऱ्या दिवशी बोर्डरूममध्ये बैठक बसली. साहेब, सल्लागार, पाचांतला एक डॉक्टर आणि लॅपटॉप चालवायला मी.

डॉक्टर घोडेगावकडचा, साधा माणूस. तो म्हणाला, "आक्काचा मला फोन आला व्हता साहेब. दुसऱ्याच दिवशी. मी म्हणालो, सिस्टीममधून येऊ द्या, वरून हुकूम हाय. ती म्हणाली, टाकलंय. मी ग्रुप उघडून बघितला, काय न्हवतं. परत विचारलं तर म्हणाली, टाकलंय राव, डोळं फुटलं का तुमचं."

"म्हणजे तिने टाकलंच नाही," साहेब म्हणाले.

"टाकलं असणार. आक्का खोटं न्हाई बोलत."

"बघू ना." साहेबांनी मला खूण केली. "शिनोली काढ."

मी तक्ता पडद्यावर मोठा केला. शिनोलीच्या एकाच गाईच्या तीन ओळी होत्या, लागोपाठच्या तीन दिवसांच्या. गाव बरोबर, मालक बरोबर, व्याल्याची तारीख बरोबर, वासरू: कालवड. आणि शेवटच्या रकान्यात, 'वार' लिहिलेल्या माझ्या मथळ्याखाली:

पडली न्हाई.

पडली न्हाई. दुसरा दिवस. डॉक्टर पाठवा.

न्हाई पडली आजून. वास येतोय. गाय खात न्हाई. लवकर पाठवा.

तिन्ही ओळींपुढे हिरवी खूण होती.

सल्लागार आधी हसला. मग साहेब हसले. "वाराच्या रकान्यात काय लिहिलंय बघा. काय पडली नाही? सोमवार पडला नाही का मंगळवार?" सल्लागार म्हणाला, "क्लासिक युजर एरर." त्याने समजावून सांगितलं, की फ्लोला सात शब्द माहीत आहेत. त्या सातांपैकी काही नसेल, तर ओळ चाळणीत थांबते. थांबणं ही चूक नाही, ते चाळणीचं कामच आहे. म्हणून खूण हिरवी. सिस्टीम शंभर टक्के बरोबर चालली होती. गाय तेवढी मेली.

डॉक्टर हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्या तर पहिल्या ओळीलाच आलं होतं.

ज्यांच्या घरी गुरं नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. गाय व्याली, की वासरामागून तिच्या पोटातून एक पडदा बाहेर पडतो, ज्यात वासरू वाढलेलं असतं. कुठे त्याला जार म्हणतात, झार म्हणतात. आमच्याकडे वार. ती वार काही तासांत पडली पाहिजे. नाही पडली तर आत सडते, गाईला ताप भरतो, आणि डॉक्टर आला नाही तर गाय जाते. म्हणून गाय व्याली असं सांगितलं, की दुसरा प्रश्न वासराचा आणि तिसरा हाच असतो: वार पडली का? आमच्या वाडीत वार पडेपर्यंत गोठ्यात कुणीतरी बसून राहतं, कारण गाय ती खाऊन टाकते. मी स्वतः किती वेळा बसलोय. पडल्यावर ती फडक्यात बांधून उंबराच्या फांदीला टांगायची, गाईला दूध सुटतं म्हणून. ते गाठोडं बांधायला मला वडिलांनी शिकवलं होतं.

तर व्याल्याची तारीख, वासरू आणि त्याच्यापुढे वार, असा तक्ता मी केला. तो घेऊन दोन्ही तालुक्यांतल्या कुठल्याही गोठ्यात उभं राहावं आणि विचारावं, शेवटच्या रकान्यात काय लिहायचं. सोमवार कुणीही सांगणार नाही. ती आक्काची चूक नव्हती. ती करायला कचेरीत बसलेला, गुरांच्या घरातून आलेला आणि गुरं विसरलेला माणूसच लागतो.

हे मी त्या बैठकीत बोललो नाही. सल्लागार हसला तेव्हा माझंही तोंड थोडं वाकडं झालं, आणि ते हसण्यासारखं दिसलं असणार. साहेबांचा मी जो काही तिटकारा या पानांवर केला आहे, त्याच्यात माझाही वाटा धरावा.

बैठकीत ठरलं, की शिनोलीचं केंद्र आक्काकडून काढून प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडे द्यावं. तसा अहवाल पंचमंडळाच्या सभेपुढे जाणार होता. अहवालात वाक्य होतं: केंद्रचालक महिलेस वार समजत नाही. ते टाइप मीच केलं.

रविवारी शिनोलीला गेलो. संध्याकाळचं दूध चालू होतं. रांगेतली माणसं नेहमीसारखी बोलत होती, पण मी दिसल्यावर माझ्याकडे वळून बघू लागली. आक्काने माझ्याकडे बघितलं आणि कॅनमध्ये काठी घालून दूध ढवळत राहिली.

"आलं कचेरीवालं," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "सिस्टीम आणलीस का पिशवीत?"

"आक्का," मी म्हणालो.

"रांग सपू दे."

रांग संपली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि स्टुलावर बसली.

"माजं केंद्र काढत्यात म्हणं."

"सभा व्हायचीय अजून."

"मला एक सांग. तू तितंच बसतोस. त्यांनी वार इचारली, मी वार लिवली. तीन येळा लिवली. त्यात चुकलं काय माजं?"

"काही नाही."

"मग तू सांग की त्यांला. वार म्हंजी काय, ते तुला ठावं हाय. डोंगरातला तू. त्यांला कोन सांगणार?" मग म्हणाली, "कुणी मेल्यानं केला तो तक्ता, त्याला गाय कदी बघाय मिळाली न्हाई वाटतं."

मी हो म्हणालो. मी खरंच हो म्हणालो. तिने मला वाटेत खायला शेंगा दिल्या आणि मी शेवटची एसटी धरून मंचरला परत आलो. शेंगा मी खाल्ल्या नाहीत, पण टाकल्याही नाहीत. तशाच टेबलाच्या खणात राहिल्या.

सोमवारी मी पूर्ण तक्ता काढला, दोन्ही तालुक्यांचा. केंद्रामागून केंद्र वाचत गेलो. 'पडली.' 'पडली, पाच तासांनी.' 'पडली, अर्धी. हात घालावा लागंल.' ज्याच्या घरी गाय होती त्याने हेच लिहिलं होतं. यांतली एकही ओळ कुणा डॉक्टरपर्यंत गेली नव्हती. ज्या गाई वाचल्या त्या आपल्या आपण वाचल्या किंवा गावातल्या कुणाच्या हाताने. नीट सोमवार-मंगळवार लिहिणारेही होते. जुन्नरकडच्या एका केंद्रचालकाने तर सगळीकडे गुरुवार टाकला होता. त्याचं कपड्यांचं दुकान आहे आणि केंद्र नोकर बघतो. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसला म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळालं होतं. सल्लागाराच्या मते आदर्श वापरकर्ता तो.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. शब्दाचे दोन अर्थ सांगितले, मथळा माझा होता हेही सांगितलं. ते ऐकताना फोनवर काहीतरी सरकवत होते.

"असेल तुझं बरोबर," ते म्हणाले. "पण अहवाल वर गेलाय. आता त्यात शब्दाचे अर्थ कुठे घालत बसू? तू एक कर. रकान्याचं नाव बदलून 'भेटीचा दिवस' कर. आजच. म्हणजे विषय मिटला."

"आणि आक्का?"

"कोण आक्का?"

"शिनोलीच्या."

"त्यांचं वयही झालंय आता. आणि हे बघ, तू पदवीधर माणूस आहेस. तुला पुढे जायचंय. एका बाईसाठी मी चुकलो म्हणून लिहून देणार आहेस का तू?"

मी टेबलाशी परत आलो. मथळ्यावर टिचकी मारली की चौकट उघडते, जुना शब्द खोडायचा, नवा लिहायचा. 'भेटीचा दिवस' असं झालं, की त्याच्याखाली आक्काचं 'पडली न्हाई' हे खरोखर वेड्यासारखं दिसणार होतं. सभेत कुणीही पडदा बघितला असता, तर म्हणाला असता, दिवस विचारलाय आणि बाई काय लिहितेय. जुन्या नावाची नोंद तो तक्ता ठेवत नव्हता. तीही पुढच्या फेजमध्ये होती. माझी चूक एका टिचकीने नाहीशी होत होती आणि तिची कायमची होत होती.

मी आधी जुन्या मथळ्यासकट शिनोलीच्या तीन ओळी छापल्या. बाकीच्या केंद्रांच्याही छापल्या. मग साहेबांचा हुकूम पाळला, नाव बदललं, कारण तो शब्द तिथे राहिला असता तर आणखी गाई मेल्या असत्या. चॅटवर लिहिलं, 'बदल केला आहे.' साहेबांचा अंगठा लगेच आला.

पत्र मी हाताने लिहिलं. चॅटवर आक्का नव्हतीच, तिला कुणी घेतलं नव्हतं. फोनवर सांगितलं असतं, तर सभेत तिच्या हातात दाखवायला काही राहिलं नसतं. सकाळी रिकामे कॅन घेऊन शिनोलीला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे ते पाकीट दिलं. 'डिलिव्हरी'च्या ग्रुपमधून ज्यांना हाकललं होतं त्यांच्यातलाच तो एक. त्याने ते खिशात न ठेवता समोर काचेपाशी ठेवलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. केंद्र आक्काकडेच राहिलं. वरच्या वस्तीवरच्या माणसाला पंचमंडळाने दुसरी गाय दिली, आणि ती देताना फोटो काढले. दोन महिन्यांनी मला कचेरीतून कमी केलं; कारण 'पुनर्रचना' लिहिलं होतं. मी आता लोणीकडच्या एका शाळेत संगणक शिकवतो. तिथला कॉम्प्युटर कुलपात नसतो. सल्लागाराने नंतर आणखी एका डेअरीला तोच फ्लो बसवून दिला, आणि त्याच्या जाहिरातीत आमच्या डेअरीचं नाव समाधानी ग्राहकांमध्ये आहे. पत्राची प्रत माझ्याकडे राहिली आहे. ती खाली देतो.

आक्का,

पाकिटात चार कागद आहेत. पहिला तुझ्या तीन ओळींचा. तू जे लिहिलंस ते जसंच्या तसं त्यात आहे, आणि वरच्या मथळ्यात 'वार' हा शब्द आहे. तो मथळा आता कॉम्प्युटरवर दिसणार नाही. मी बदललाय. म्हणून हा कागद जपून ठेव आणि सभेला बरोबर ने. बाकीचे तीन कागद दुसऱ्या गावांचे आहेत. त्यांनीही तुझ्यासारखंच लिहिलंय, ते पंचमंडळाला दाखव.

रविवारी तू म्हणालीस, की तो तक्ता कुणी मेल्याने केला. तो मी केला. इंग्रजीत दिवस होता, त्याचं मी वार केलं. त्या वेळी माझ्या मनात गाय आली नाही. तू मला दोन वर्षं शिकवलंस, की बघितल्याशिवाय लिहायचं नाही. मी न बघता लिहिलं आणि त्यात त्या माणसाची गाय गेली. बैठकीत ते तुला हसले तेव्हा मी गप्प बसलो. अहवालात 'वार समजत नाही' असं जे वाक्य आहे, तेही मीच टाइप केलंय. रविवारी तुझ्यासमोर बसून हे सांगता आलं नाही. शेंगा घेऊन आलो.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. तुला वाटलं तर बोल, नाही वाटलं तर नको बोलू. दाखला काढताना तू जशी बाकावर बसून राहिलीस, तशी सभेत बस. निर्णय देऊन झाल्याशिवाय उठू नको. हे पत्र त्यांच्यापुढे वाचून दाखव. खाली माझी सही आहे आणि मी कुठे नोकरी करतो तेही लिहिलंय, म्हणजे कुणाला हे खोटं म्हणता येणार नाही.

वस्तीवरच्या त्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगणार आहे. त्याने एकच विचारलं होतं, डॉक्टर का आला नाही. ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सभेत कुणी विचारलं, वार म्हणजे काय, तर तू सांगू नको. मला आत बोलवायला सांग. मी दाराशी उभा असेन.